घरचा पिंगळा आणि रानचा पिंगळा

(आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी चार शब्द बोलते. गेल्या वर्षी लोणच्या-मुरंब्यांवर बोलणे झाले, त्याआधी बचतीवर झाले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव लिहिले. विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "पिंगळ्यावर बोलते." त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "शुभदिवशी पिंगळ्याचे नाव कशाला हो घेता?" त्यांच्या या प्रश्नातच माझे सगळे भाषण आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काही पक्ष्यांची पंडिता नाही. आमचे घरचे पर्यटकांना जीपगाडीतून फिरवतात. त्यांच्या गाडीत दूरदूरचे लोक बसतात, गळ्यात दुर्बिणी घालून. कोणाला वाघ पाहायचा असतो, कोणाला अस्वल. पण गेली काही वर्षे असेही पाहुणे येतात, जे म्हणतात, "आम्हांला वाघ नको, आम्हांला रानपिंगळा दाखवा." कलकत्त्याहून, मद्रासकडून, कधी परदेशातूनही माणसे पदरचे पैसे खर्चून एवढ्याशा घुबडासाठी चिखलदऱ्याला येतात, हे ऐकून मला आधी नवल वाटले. मग लाज वाटली. ती का वाटली ते पुढे सांगते. माझी मुलगी अमरावतीला शिकते. तिच्याकडून पुस्तकांतली माहिती वाचून घेतली, काही आमच्या घरच्यांकडून ऐकली, आणि थोडे डोळ्यांनी पाहिले. तेवढ्या शिदोरीवर आज उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

भगिनींनो, पिंगळा आपणां सर्वांना माहीत आहे. माझे माहेर दर्यापूरकडचे, काळ्या मातीचे. तिथे शाळेच्या भिंतीत, विहिरीच्या कडेच्या लिंबात, देवळाच्या शिखरात, सगळीकडे पिंगळे. दिवेलागण झाली की बाहेर यायचे, तारेवर बसायचे आणि मान खालीवर करून आपल्याकडे डोळे वटारून पाहायचे. त्यांची ती चिरचिर, कलकल एकदा सुरू झाली की जणू दोन जावा भांडतात. भल्या पहाटे दारोदार येऊन भविष्य सांगणारा जोशी, त्यालाही आपण पिंगळाच म्हणतो. कारण त्याला या पाखराची भाषा समजते अशी जुनी समजूत. म्हणजे पाखरू आपल्या इतके जवळचे, की माणसाला त्याचे नाव दिले.

आणि तरीही आपण त्याला भितो. तो छपरावर बोलला की कोणाचे तरी वाईट होणार, असे आपल्या आजीने आपल्याला सांगितले, आणि आपण ते आपल्या लेकरांना सांगितले.

आता दुसरा पिंगळा. त्याला रानपिंगळा किंवा वनपिंगळा म्हणतात. हाही वीतभरच. साध्या पिंगळ्यापेक्षा जेमतेम एका बोटाच्या रुंदीने मोठा, पण अंगाने भरलेला. दोघांना शेजारी बसवले तर ओळखायचे कसे, ते सांगते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात, शिंपडलेल्या रांगोळीसारखे. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे. ठिपके असले तर अगदी पुसट. साध्याच्या पोटावर तपकिरी ठिपक्या-रेघांची जाळी. रानातल्याच्या छातीवर गडद तपकिरी पट्टा आणि खाली पोट पांढरे स्वच्छ. त्याच्या पंखांवर आणि शेपटीवर काळ्या-पांढऱ्या रुंद पट्ट्या असतात. पाय दणकट आणि बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले, जणू थंडीत कोणी लोकरीचे मोजे विणून घातले. साधा पिंगळा बेचैन होऊन मान हलवतो. हा शेपटी झटकतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

सगळ्यांत मोठा फरक वागण्याचा. साधा पिंगळा संध्याकाळचा आणि रात्रीचा. रानपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो. सकाळचे ऊन पडले की उंच झाडाच्या वठलेल्या फांदीवर उघडा बसतो आणि खाली पाहतो. सरडे, सापसुरळ्या हे त्याचे आवडते खाणे; उंदीर, बेडूक, नाकतोडे, एखादे लहान पाखरूही चालते. साध्या पिंगळ्याचे पोट मुख्यतः किड्यांवर, भुंग्यांवर, पतंगांवर आणि उंदरांवर भरते. विजेच्या दिव्याभोवती किडे जमले की त्याला जेवणाचे ताटच वाढलेले. म्हणून त्याला गाव चालते, शहरही चालते. रानपिंगळ्याला सागाचे, सालईचे, पानगळीचे विरळ रान लागते आणि त्या रानात जुनी, पोकळ झाडे लागतात. ते नसले तर तो गावात येऊन दुसरे घर मांडत नाही. तो नाहीसा होतो.

नाहीसा झालाच होता, मैत्रिणींनो! त्याची हकीकत एखाद्या कादंबरीसारखी आहे.

ब्लूइट नावाच्या एका साहेबाने १८७२ साली आताच्या छत्तीसगडात, फुलझरच्या बाजूला, हे पाखरू मिळवले. ह्यूमसाहेबांनी १८७३ साली त्याचे वर्णन छापले आणि ब्लूइटचे नाव त्याला दिले. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली काँग्रेस स्थापन करण्यात ज्यांचा पुढाकार होता तेच. पाखरांचा त्यांना मोठा नाद. पुढे डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहाद्याकडे, आणखी काही रानपिंगळे मिळवले. त्या काळी पाखरू मिळवायचे म्हणजे मारायचे आणि कातडीत कापूस भरून ठेवायचे. १८८४ पर्यंत अशी सगळी मिळून सात कातडी जगातल्या संग्रहालयांत जमा झाली. आणि तिथून पुढे पाखरू दिसेचना. वर्षामागून वर्षे गेली. सालीम अली आणि त्यांचे सहकारी रिप्ले यांच्यासारख्या थोर पक्षितज्ज्ञांनी शोध घेतला. १९६८ साली एक छायाचित्र पुढे आले, सगळ्यांना आनंद झाला. पण नीट पाहता तो निघाला आपला साधा पिंगळाच. दोघे भाऊ इतके सारखे, की जाणत्यांचीही फसगत व्हावी.

पाखरू मिळत का नव्हते? रान तोडले गेले, हे एक कारण. पण दुसरे कारण ऐकून मला फार चीड आली. माइनर्ट्‌झहागेन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. त्याच्याकडे मेलेल्या पाखरांचा मोठा संग्रह. त्यात एक रानपिंगळा होता आणि त्याला चिठ्ठी होती की हा १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाला. साहेब बोलला म्हणजे खरेच असणार! जाणती माणसे त्या चिठ्ठीवर विसंबली. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने आणि नायजेल कॉलर यांनी ती कातडी बारकाईने तपासली, आत कापूस कसा भरला आहे, शिवण कशी आहे, इथपर्यंत. तेव्हा उघड झाले की ते पाखरू डेव्हिडसनने शहाद्याकडे मिळवलेले होते. या गृहस्थाने ते चोरले, उसवून पुन्हा शिवले आणि खोटी चिठ्ठी लावली. आपण बायका शिवण पाहून सांगतो ना, की हा ब्लाउज कोणत्या हाताचा? तसेच त्या बाईने ओळखले. मला तर तिचा फार अभिमान वाटला.

एकदा खोटी चिठ्ठी बाजूला काढली, तेव्हा खरी ठिकाणे राहिली. रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे १९९७ साली हिंदुस्थानात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी गेले. तिथे काही मिळाले नाही. मग शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी तो समोर बसलेला दिसला. उघड्या फांदीवर, उन्हात, जिवंत. ११३ वर्षांनी!

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. शाळा सुटून घरी बसले होते आणि मला या गोष्टीचा पत्ताही नव्हता. त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८ ते २००० या काळात रानोमाळ फिरून त्याचा शोध घेतला. तोरणमाळ, तळोदा या बाजूला तो मिळाला, आणि आपल्या मेळघाटातही मिळाला. म्हणजे जगाने ज्याला मेला म्हणून सोडले होते, तो आपल्या परसदारी राहत होता. पुढे मध्यप्रदेशात खंडव्याकडच्या रानांत, ठाणे जिल्ह्यात तानसाच्या अभयारण्यात आणि गुजरातेतही तो दिसला. फराहबाईंचे नाव मी मुद्दाम घेतले. रानात उन्हातान्हात तासन् तास एका झाडाखाली बसून, पाखराने काय खाल्ले, पिलांना काय भरवले, याची टिपणे करणारी बाई आपल्या मेळघाटात येऊन गेली. आपल्या मुलींना हे सांगितले पाहिजे.

आता दोघांची आजची स्थिती काय? जगातल्या पशुपक्ष्यांची स्थिती पाहून यादी करणारी एक मोठी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आय.यू.सी.एन. तिचे नाव. तिच्या यादीत साधा पिंगळा "चिंता कमी" या रकान्यात आहे. रानपिंगळा पूर्वी "अतिसंकटग्रस्त" होता, म्हणजे नाहीसे होण्याच्या अगदी काठावर. २०१८ साली त्याला एक पायरी वर काढून "संकटग्रस्त" केले. यात कोणी पेढे वाटू नयेत. तो आधी माहीत नव्हता अशा आणखी ठिकाणी सापडला, म्हणून हा बदल. दवाखान्यात रोग्याला अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात आणले, म्हणजे तो घरी निघाला असे नव्हे. सगळ्या जगात मिळून मोठे, पिले घालू शकणारे रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. आणि जग म्हणजे तरी काय? हिंदुस्थानाबाहेर तो कुठेच नाही. हजार म्हणजे आपल्या बाजाराच्या दिवशी चौकात जमतात तेवढी माणसे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला पहिल्या सूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले आहे.

आता मला लाज का वाटली, ते सांगते. हे बोलावे की बोलू नये याचा मी आठ दिवस विचार केला.

आमच्या घरामागे जांभळाचे जुने झाड आहे. त्याच्या एका जाड फांदीला ढोली होती आणि तिच्यात साध्या पिंगळ्याचे जोडपे राहत असे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहत होते. काही वर्षांमागे फाल्गुनात मामंजी आजारी पडले. छातीचा जुना विकार. डॉक्टरांनी आम्हांला आधीच सांगून ठेवले होते की आता फार आशा धरू नका. पण घरातल्या माणसाला आशा सोडवत नाही. आणि नेमके त्याच दिवसांत पिंगळे रोज तिन्हीसांजेला छपराच्या कोपऱ्यावर येऊन ओरडू लागले. सासूबाई अंथरुणाशेजारी बसून कान झाकून घेत. म्हणायच्या, "सूनबाई, त्याले हाकल वं. थो पिंगया मरन सांगून राह्यला." मी दगड मारले, थाळी वाजवली, धूर केला. पाखरे उडायची आणि पुन्हा यायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "ढोलीच बुजवून टाक. ना घर राहीन, ना थो येईन."

मी शिडी लावली. जुनी चिंधी, गोणपाट आणि माती घेतली आणि ढोलीचे तोंड गच्च लिंपून टाकले. लिंपताना आतून काही खरवडल्यासारखा आवाज आला. मैत्रिणींनो, मी तो ऐकला. ऐकला नाही असे आज मी म्हणणार नाही. वाटले, उंदीर असेल. खरे म्हणजे, उंदीर असेल असे मी मनाला सांगितले.

पुढचे तीन दिवस ते जोडपे भरदिवसा त्या फांदीवर येऊन बसत होते. चोचीत किडा घेऊन. चवथ्या दिवशी दिसले नाहीत. मामंजी पंधरा दिवसांनी गेले. पाखरू ओरडायचे थांबले होते, तरी गेले.

श्रावणात मोठा वारा सुटला आणि ती फांदी मोडून अंगणात पडली. लिंपलेली माती फुटली. आत तीन इवल्याशा कवट्या होत्या, वाकड्या चोचीच्या, आणि थोडी पिसे. सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, खुरपे घेऊन आल्या आणि आम्ही दोघींनी मिळून जांभळाच्या बुंध्याशी खड्डा केला. त्यांनी वर थोडे पाणी शिंपडले. मग एवढेच म्हणाल्या, "आपन त मरन सांगनाऱ्याचंच मरन केलं वं." सासूबाई आज या सभेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगते आहे. त्याच म्हणाल्या, "सांग. सांगितल्याबिगर दुसरीले कसं समजीन?"

आता विचार करा. पिंगळे त्याच दिवसांत का ओरडत होते? कारण माघ-फाल्गुन हे त्यांचे पिलांचे दिवस. घरात कोणी आजारी असो वा नसो, ते त्या दिवसांत ओरडणारच. आम्हांला ऐकू आले ते आमच्या भीतीमुळे. आणखी एक गोष्ट. आजाऱ्याच्या घरात रात्रभर दिवा जळतो. दिव्याला किडे येतात. किड्यांना पिंगळा येतो. यात यमदूत कुठे आला? आणि त्या पावसाळ्यात आमच्या कोठीतल्या ज्वारीत उंदरांनी जो धुमाकूळ घातला, तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता. ते पिंगळे गेल्यामुळेच झाले, असे छातीठोकपणे मी म्हणत नाही. पण राखणदार घालवून मग चोरांबद्दल तक्रार करण्यात काय अर्थ?

यानंतरच मी आमच्या घरच्यांना म्हटले, मला तो रानपिंगळा एकदा दाखवा. पौषातल्या एका सकाळी गाडी रिकामी होती. सेमाडोहच्या पुढे रस्त्याच्या कडेला थांबलो. हवेत गारठा, सागाची पाने गळू लागलेली. आठ-साडेआठ वाजता ऊन झाडांच्या शेंड्यांवर आले आणि त्यांनी बोट दाखवले. एका वाळक्या फांदीवर तो बसला होता. छाती फुगवून, पांढरे पोट उन्हाला देऊन. मधूनच शेपटी झटकायचा. एकदा आवाज दिला. पिंगळ्यासारखी कलकल नाही, तोकडी शीळ घातल्यासारखा. मग खाली पानांत झेप घेतली आणि सरडा घेऊन वर आला. पण तो सरडा त्याने खाल्ला नाही. थोडे पुढे एका जुन्या, अर्धवट वठलेल्या झाडाच्या भोकाशी तो घेऊन गेला. आतून चोच बाहेर आली आणि सरडा घेतला गेला. नर भरवत होता, मादी आत होती.

ते भोक पाहून माझे डोळे भरून आले. भोक तसेच होते. आमच्या जांभळासारखेच.

मैत्रिणींनो, दोन भावांची तुलना करून मला एवढेच कळले. एक गावात राहतो, एक रानात. एक रात्रीचा, एक दिवसाचा. एक लाखांनी आहे, एक हजारही नाही. पण दोघांनाही आपले आपण भोक पाडता येत नाही. दोघेही जुन्या झाडाच्या पोकळीवर अवलंबून. साध्या पिंगळ्याची ढोली गेली तर तो भिंतीचे भोक शोधतो, विहिरीची कपार शोधतो. म्हणून माझ्या हातून तीन पिले गेली, तरी पिंगळ्याची जात काही बुडाली नाही. रानपिंगळ्याची एक ढोली गेली, तर त्या जोडप्याचा त्या सालचा संसार बुडतो. आणि हजारातली एकेक जोडी म्हणजे मोजक्या तांदळातला एकेक दाणा.

आता रानातली पोकळ झाडे जातात कशी? आमच्याकडे मोळी घेऊन येणाऱ्या कोरकू मावशीला मी सहज विचारले. ती म्हणाली, "बाई, हिरवं लाकूड जड असते, पेटत नाही, अन् तोडलं त साहेब पकडते. पोकळ खोड सुकं असते, हलकं असते, डोक्यावर आनता येते. म्हनून तेच तोडतो." किती खरे बोलली! तिच्या दृष्टीने वाळके झाड म्हणजे कोणाचे काही न बिघडवता मिळालेले जळण. तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. कारण ती मोळी चालते कोठे? माझ्या न्हाणीघरातल्या चुलीखाली. गॅस घरात आहे, पण सिलिंडर महाग म्हणून अंघोळीचे पाणी मी लाकडावर तापवते. आपल्यापैकी किती जणी तापवतात, हात वर करा म्हटले तर माझ्यासकट निम्मे हात वर येतील. तेव्हा रानातले वठलेले झाड कुऱ्हाडीने मावशी तोडते, पण तोडवते मी.

दुसरी गोष्ट आगीची. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून चैत्रात झाडाखालची पाने पेटवतात. तेवढीच आग राहिली तर ठीक. पण वारा आला की ती रानभर जाते. वठलेले झाड आधी पेटते, आणि जमिनीवरचे सरडे, सापसुरळ्या होरपळतात. म्हणजे रानपिंगळ्याचे घरही गेले आणि जेवणही गेले. तिसरी गोष्ट, रान मोडून शेत करणे. खानदेशातले कितीतरी रान असेच गेले. चवथी, उंदरांचे विष. विष खाल्लेला उंदीर पिंगळ्याने खाल्ला की तोही जातो. आणि पाचवी, सगळ्यांत लाजिरवाणी. दिवाळीच्या सुमारास काही भोंदू लोक धनलाभासाठी घुबडाचा बळी मागतात. एकीकडे लक्ष्मीच्या चित्रात त्याला तिचे वाहन म्हणून बसवायचे आणि दुसरीकडे लक्ष्मी यावी म्हणून त्याचीच मान मोडायची! वाहन मारले तर लक्ष्मी येणार कशी, चालत?

आपला मेळघाट १९७३-७४ पासून वाघांसाठी राखलेला आहे. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी तो एक. वाघासाठी रान राखले, त्या पदराखाली रानपिंगळाही राहिला. ते काम सरकारचे आणि वनखात्याचे. त्यांनी ते करावे. आपल्या हातात जे आहे तेवढेच मी मागते.

पहिले, घराजवळचे जुने झाड किंवा फांदी तोडायची असेल, तर आधी ढोली पाहावी. आत संसार असेल तर पाऊस लागेपर्यंत थांबावे. दुसरे, मोळी विकत घेताना पोकळ खोडाची लाकडे नकोत, फांद्या-फाट्या आणा, असे सांगावे आणि त्याच भावात घ्यावे. चार आण्यांसाठी घासाघीस करू नये. भाव पाडून आपण मावशीला पोकळ खोडाकडेच ढकलतो. तिसरे, पाणी तापवायला आपल्या मंडळाने सूर्यचुलीची किंवा सौर बंबाची चौकशी करावी. भिशीच्या पैशातून दरवर्षी दोन घरी बसवता आले तरी पुष्कळ. चवथे, कोणी घुबड विकताना दिसले तर गप्प बसू नये. पिंगळा साधा असो की रानातला, त्याला पकडणे-विकणे कायद्याने गुन्हा आहे, वनखात्याला कळवावे. आणि पाचवे, सगळ्यांत सोपे आणि सगळ्यांत कठीण: पिंगळा ओरडला तर लेकरांना भिववू नये.

हे पाचवे कठीण का म्हणते? कारण भीती जुनी आहे आणि ती आपण बायकांनीच जपली आहे. अंधार पडला की पदराखाली लेकरू घेऊन आपणच म्हणतो, "थांब, पिंगळा येईल." ती भीती आपणच दिली, तर काढूनही आपणच घेऊ शकतो. त्या इंग्रज साहेबाने मेलेल्या पाखराला एक खोटी चिठ्ठी लावली, आणि किती वर्षे शहाणी माणसे भलतीकडे शोधत राहिली. आपणही जिवंत पिंगळ्याला अशीच एक खोटी चिठ्ठी लावली आहे: "हा मरण सांगतो." एका बाईने शिवण उसवून पहिली चिठ्ठी काढली. दुसरी आपण काढू.

शेवटी एक आनंदाची बातमी सांगते. आमच्या जांभळाला त्या मोडलेल्या फांदीच्या जागी खाली आणखी एक ढोली पडली आहे. दोन वर्षे ती रिकामी होती. यंदा कार्तिकात तिन्हीसांजेला आतून दोन पिवळे डोळे दिसले. मी सासूबाईंना हाक मारली. त्या काठी टेकत आल्या, खूप वेळ वर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आले का बापा? बसा. आता कोनी नाही काढत तुमाले."